‘टेंको’ म्हणजे हजेरी

भर उन्हात बायका रांगा करून उभ्या आहेत. एकीच्या अंगावर पार्टीत घालायचा रेशमी झगा, आता चिंध्या झालेला. शेजारी नर्स, तिच्या शेजारी ख्रिस्ती जोगीण. एक शिपाई मोजत पुढे सरकतो: इची, नी, सान, शी, गो. आकडा जुळत नाही. आत चटईवर तापाने फणफणलेली एक पडून आहे, तिला धरायचं राहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात रांगेतलीच एक भोवळ येऊन पडते.

ही मोजणी म्हणजे ‘टेंको’. जपानी भाषेतला साधा शब्द, अर्थ हजेरी. बीबीसीने याच नावाची मालिका ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीबरोबर काढली. पहिला भाग 22 ऑक्टोबर 1981 रोजी दाखवला गेला, 1984 पर्यंत दहा-दहा भागांची तीन पर्वं झाली आणि 1985 च्या नाताळात एक लांबलचक पुनर्भेटीचा भाग. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच बायका जपान्यांच्या हाती सापडतात, त्यांना एका बेटावरच्या छावणीत कोंडलं जातं आणि साडेतीन वर्षांत त्यांचं काय होतं, एवढीच गोष्ट. लढाई जवळजवळ नाहीच. पळून जाण्याचा थरारही फारसा नाही. आहे ती हजेरी, भात, साबणाचा तुकडा आणि एकमेकींची तोंडं.

मालिका समजून घ्यायला आधी एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या बायका कैदेत होत्या, पण कायद्याच्या भाषेत त्या ‘युद्धकैदी’ नव्हत्याच.

युद्धकैदी म्हणजे पकडला गेलेला सैनिक. त्याच्यासाठी 1929 चा जिनिव्हा करार होता: त्याला खायला काय द्यायचं, काम किती करून घ्यायचं, पत्रं कशी पोचवायची, सगळं लिहिलेलं. जपानने त्या करारावर सही केली होती, मात्र देशात तो मंजूर करून घेतला नव्हता. तरी निदान कागद तरी होता. नागरिकांसाठी तेवढाही नव्हता. शत्रूच्या मुलखात अडकलेला मळ्याचा मालक, त्याची बायको, शाळामास्तरीण, मिशनरी, तान्हं मूल, यांना ‘सिव्हिलियन इंटर्नी’ म्हणत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, स्थानबद्ध. आणीबाणीत ‘मिसा’खाली आत टाकलेल्यांसाठी तो आपल्याकडे घरोघरी पोचला. गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. तू अमुक आहेस म्हणून आत.

नागरिकांना संरक्षण देणारा कराराचा मसुदा मात्र तयार होता. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 1934 मध्ये तो संमत झाला आणि ती परिषद भरली होती टोकियोत! त्याला पक्कं रूप देण्याची बैठक 1940 मध्ये व्हायची होती. त्याआधीच युद्ध सुरू झालं आणि मसुदा फायलीत राहिला. युद्धाच्या सुरुवातीला जपानने ‘योग्य ते फेरफार करून’ 1929 चे नियम पाळू असं कळवलं होतं खरं, पण योग्य म्हणजे काय, हे शेवटी प्रत्येक छावणीचा अधिकारी ठरवायचा. नागरिकांसाठीचा जिनिव्हा करार झाला तो थेट 1949 मध्ये. तोवर अतिपूर्वेत सुमारे 1,30,000 नागरिक स्थानबद्ध होऊन गेले होते. त्यातले बहुसंख्य डच, जावा-सुमात्रातले.

असो. कायदा बाजूला ठेवून फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूरच्या धक्क्यावर जाऊ.

सिंगापूर पडणारच नाही, अशी इंग्रजांची खात्री होती. इतकी की बायकामुलांना हलवायला उशीर झाला. 15 फेब्रुवारीला शरणागती झाली आणि त्याच्या दोन-चार दिवस आधी मिळेल त्या बोटीत माणसं कोंबून बाहेर काढली जात होती. ‘वायनर ब्रूक’ ही त्यातली एक बोट. ती 12 फेब्रुवारीला निघाली, त्यात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या 65 नर्स होत्या. 14 तारखेला बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी ती बुडवली. बारा जणी समुद्रातच गेल्या. काही जणी बांका बेटाच्या राडजी किनाऱ्यावर लागल्या. तिथे 16 तारखेला जपानी सैनिकांनी 22 नर्सना पाण्यात चालत जायला लावलं आणि पाठीमागून मशिनगन चालवली. एकवीस मेल्या. व्हिव्हियन बुलविंकल एकटी वाचली, गोळी कमरेजवळून आरपार गेली होती. पुढे ती इतर नर्सबरोबर छावणीत आली तेव्हा गणवेशावरचं गोळीचं भोक तिने पाण्याच्या बाटलीआड लपवलं. ती काय पाहून आली हे जपान्यांना कळलं असतं तर तिला जिवंत ठेवलं नसतं. सोबतच्या नर्सना सगळं माहीत होतं, पण साडेतीन वर्षांत एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

मालिकेचं बीज अशाच एका बोटीतून आलं. मार्गो टर्नर ही ब्रिटिश सैन्याची नर्स. तिची पहिली बोट बुडाली, दुसऱ्या बोटीने उचललं, तीही बुडाली. मग तराफा. बरोबरची माणसं, लहान मुलंसुद्धा, एकेक करून गेली. पावडरच्या डबीच्या झाकणात पावसाचं पाणी धरून ती जगली. शेवटी एका जपानी जहाजाने तिला उचललं आणि ती सुमात्रातल्या छावणीत पोचली. युद्धानंतर ती लष्करी नर्सच्या सर्वोच्च पदावर गेली, ‘डेम’ (बायकांसाठीचा ‘सर’सारखा किताब) झाली. ब्रिटिश टीव्हीवर मान्यवरांना अचानक गाठून त्यांचा जीवनपट उलगडायचा एक लोकप्रिय कार्यक्रम असे. 1978 मध्ये त्यात मार्गो टर्नर आली. या भागासाठी माहिती जमवणारी तरुण संशोधक होती लॅव्हिनिया वॉर्नर. जुन्या छावणीतल्या बायकांशी बोलता बोलता तिला कळलं की हे कुणी सांगितलेलंच नाही. पुरुष युद्धकैद्यांवर, त्यांच्याकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर पुस्तकं होती, सिनेमे होते. बायकांच्या वाट्याला ओळ-दोन ओळी. तिने आधी माहितीपट केला आणि मग मालिकेची कल्पना घेऊन बीबीसीकडे गेली.

बीबीसीतल्या लोकांना शंका होती. जवळजवळ सगळ्या बायकाच, त्याही मळकट, केस विस्कटलेल्या. हे बघणार कोण? बघितलं, आणि खूप लोकांनी बघितलं. लेखनाचा मोठा भार जिल हायम आणि ॲन व्हॅलरी या दोघींनी उचलला होता आणि ते जाणवतं. यातल्या बायका कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी आई म्हणून पडद्यावर येत नाहीत. त्या भांडतात, चोरतात, खोटं बोलतात, आणि तरी आपण त्यांच्या बाजूने असतो.

आता छावणीत रोज नेमकं काय चालायचं ते पाहू, कारण मालिकेची ताकद त्यातच आहे.

भात. आपल्या वाचकाला वाटेल, भातच खायचा ना, त्यात काय एवढं! पण हा गिरणीत घासून पांढराफेक केलेला तांदूळ, त्यात खडे नि किडे, आणि सोबत वरण नाही, भाजी जवळजवळ नाही. तांदळाच्या कोंड्यात बी-1 जीवनसत्त्व असतं, ते घासण्यात निघून जातं. नुसत्या अशा भातावर महिनोन् महिने काढले की बेरीबेरी होतो. पाय सुजतात, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो, मग पाणी वर चढत हृदयापर्यंत. उपाय माहीत होता. घासलेल्या तांदळाचा जो कोंडा आपण गाईम्हशींपुढे टाकतो, तो खाल्ला असता तरी पुष्कळ जणी वाचल्या असत्या. मालिकेतली डॉक्टर बिअॅट्रिस मेसन (स्टेफनी कोल हिने केलेली) वारंवार ज्या कोंडीत सापडते ती हीच: रोग कोणता ते कळतंय, औषध कोणतं तेही कळतंय, हातात मात्र काही नाही. त्यात हिवताप आणि हगवण. उपासमारीने बहुतेकींची पाळी बंद झाली. चिंध्यांची टंचाई असलेल्या छावणीत ही सोयच म्हणायची, असं काही जणी नंतर बोलल्या. पुन्हा कधी मूल होईल का ही भीती मात्र त्या मनातच ठेवायच्या.

हजेरीला उभं राहायचं, कमरेत वाकून नमस्कार करायचा. वाकणं कमी पडलं तर थोबाडीत. जपानी सैन्यात वरचा खालच्याला सर्रास थोबाडीत मारायचा आणि छावणीत सगळ्यात खालच्या पायरीवर या बायका. त्यात शरण जाणं ही सैनिकाची सर्वांत मोठी नामुष्की, असं त्या सैन्याच्या मनावर बिंबवलेलं. शरण आलेल्यांविषयी आदर कुठून येणार? याचा अर्थ प्रत्येक पहारेकरी राक्षस होता असा नाही, आणि मालिकाही तसं दाखवत नाही. छावणीचा प्रमुख यामाउची हे माझ्या मते मालिकेतलं सर्वांत चांगलं लिहिलेलं पात्र. कर्तव्याने बांधलेला, या कामाची लाज वाटणारा, क्रूर होऊ शकणारा आणि अधूनमधून माणूस. ही भूमिका बर्ट क्वुक याने केली. ‘पिंक पँथर’मधला केटो म्हणून अनेकांना तो आठवेल. तो चिनी वंशाचा, जन्म इंग्लंडमधला, बालपण शांघायमधलं. म्हणजे जपानी अधिकाऱ्याचं काम करणाऱ्या या माणसाने लहानपणी जपानच्या ताब्यातलं शहर पाहिलेलं होतं.

यामाउचीच्या समोर उभी राहते मॅरियन जेफरसन, एका कर्नलची बायको. ॲन बेलने ती केली आहे. तिला पुढारी होण्याची हौस नाही. पण कर्नलची बायको म्हणून सगळ्या तिच्याकडे बघतात. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पुढारी म्हणजे शत्रूशी रोज बोलणारी. कुनैनसाठी, थोड्या जास्त तांदळासाठी तिला वाकावं लागतं आणि मागे रांगेत कुजबुज होते की ही जरा जास्तच वाकते.

या बायका मेमसाहेब होत्या. मलायात प्रत्येक घरी आया, स्वयंपाकी, माळी. स्वतःचा चहा स्वतः केलेला नाही, आणि आता मोरी साफ करायची. कोण कुणाशेजारी झोपणार यावरून वाद. डच बायका संख्येने जास्त, त्या आपलं सामान आणि पैसा घेऊन आलेल्या. ब्रिटिश बोटीतून अर्ध्या कपड्यांनिशी. ऑस्ट्रेलियन नर्सना इंग्रज बायांचा तोरा सहन होत नाही. ख्रिस्टिना ही मिश्र वंशाची मुलगी कुणालाच पुरती आपली वाटत नाही. साम्राज्याची उतरंड एका झोपडीत आणून ठेवली की ती कशी दिसते, हे बघायचं असेल तर पहिलं पर्व चुकवू नये.

मालिकेने आणखी एका नाजूक जागी हात घातला. डोरोथी बेनेट ही तरुण बाई. नवरा गेलेला, तान्ही मुलगीही छावणीत जाते. त्यानंतर ती पहारेकऱ्यांकडे जायला लागते, बदल्यात सिगारेटी आणि खाणं. बाकीच्या तिला नावं ठेवतात आणि तिने आणलेलं खाताना गप्प बसतात. 1981 साली हे घरोघरी टीव्हीवर दाखवणं धाडसाचंच होतं.

प्रत्यक्षात याहून वाईट घडलं होतं. सुमात्रातल्या पालेमबांगच्या छावणीत ऑस्ट्रेलियन नर्सना ‘अधिकाऱ्यांच्या क्लबात’ बोलावण्यात आलं. एकटीदुकटीने न जाता त्या मुद्दाम घोळक्याने, घाणेरडे कपडे घालून, तोंडाला माती फासून गेल्या आणि सुटल्या. सगळ्यांना सुटता आलं नाही. जावातल्या सेमारांगमध्ये 1944 साली छावण्यांमधून निदान 35 डच स्त्रियांना उचलून सैन्याच्या कुंटणखान्यांत कोंडलं गेलं. 1948 मध्ये बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) डच लष्करी न्यायालयात त्यावर खटला झाला, एका मेजरला मृत्युदंडही झाला, आणि मग सगळं शांत. त्यातली यान रफ-ओहर्न 1992 मध्ये जाहीर बोलली. तिला बळ मिळालं ते कोरियन बायकांना टीव्हीवर आपली अशीच कहाणी सांगताना पाहून. मधली पन्नास वर्षं तिने ही गोष्ट मुलींनाही सांगितली नव्हती.

या सगळ्यात मला राहून राहून आठवतात त्या चांगीच्या गोधड्या. त्या मालिकेतल्या नाहीत, इतिहासातल्या आहेत. सिंगापूरच्या चांगी तुरुंगात 1942 मध्ये सुमारे चारशे बायका-मुलं होती आणि पुरुष भिंतीपलीकडे. कोण जिवंत आहे कळायला मार्ग नाही. एथेल मल्व्हनी या कॅनेडियन बाईने युक्ती काढली. प्रत्येकीला पिठाच्या पोत्याचा किंवा जुन्या कापडाचा एक चौकोन द्यायचा, त्यावर तिने आपलं काहीतरी भरायचं. फूल, घर, बाळ, नकाशा आणि कोपऱ्यात नाव. असे 66 चौकोन जोडून एक गोधडी, अशा तीन. इस्पितळात पडलेल्या जखमी सैनिकांसाठी म्हणून त्या पाठवायला परवानगी मागितली, आणि नकार येऊ नये म्हणून एक गोधडी जपानी जखमींच्या नावाने केली. गोधडी इस्पितळात गेली की कुणीतरी नावं वाचणार, कुठल्यातरी नवऱ्याला कळणार की माझी बायको आहे. शिपाई बायका मोजत होते, आणि बायका सुईदोऱ्याने आपली हजेरी आपणच लावत होत्या. त्यातली एक गोधडी ब्रिटिश रेडक्रॉसकडे आहे, दोन ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात.

गाण्याचंही तसंच. पालेमबांगला मार्गारेट ड्रायबर्ग ही मिशनरी आणि नोरा चेंबर्स या दोघींनी आठवणीतून सिंफनींचे तुकडे लिहून काढले आणि वाद्यांऐवजी तीसेक बायकांच्या गळ्यांतून गाऊन घेतले. शब्द नाहीत, नुसते स्वर. पहिला कार्यक्रम 27 डिसेंबर 1943 रोजी झाला. 1945 पर्यंत गाणाऱ्यांपैकी निम्म्या मेल्या आणि उरलेल्यांना दम लागायचा, म्हणून गाणं थांबलं. ड्रायबर्ग त्या एप्रिलात गेली.

मालिकेची एक मर्यादाही सांगायला हवी. छावणीत गोऱ्या बायका होत्या म्हणून कॅमेरा त्यांच्यावर आहे, ते ठीक. पण कुंपणाबाहेर काय चाललं होतं? सिंगापूर पडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हजारो चिनी पुरुषांना वेचून मारलं गेलं. मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ मजूर रेल्वेच्या कामावर नेले गेले आणि त्यांची नीट यादीसुद्धा कुणी ठेवली नाही. डिसेंबर 1941 मध्ये पेनांग सोडताना इंग्रजांनी आपली गोरी माणसं बोटीत बसवली आणि बाकीच्यांना तिथेच टाकलं. मराठी वाचकाला तर याच सिंगापूरची आणखी एक आठवण आहे: 1943 मध्ये तिथेच नेताजींनी डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखाली झाशीची राणी रेजिमेंट उभी केली. एका कुंपणात मेमसाहेब तांदळातले किडे निवडत होत्या, आणि त्याच शहरात मळ्यातल्या मजुरांच्या मुली बंदूक चालवायला शिकत होत्या.

आणि स्थानबद्ध करणं हे एकट्या जपानचं काम नव्हतं. त्याच वर्षांत ब्रिटिश सरकारने आपल्या पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबं ठेवली होती, बायकामुलांसह. त्यात हिटलरपासून पळून आलेले जर्मन ज्यूसुद्धा होते, कारण पासपोर्ट जर्मन! तिथली हवा आणि वागणूक सुमात्राच्या तुलनेत स्वर्गच म्हणावी. तत्त्व मात्र तेच: तू अमुक आहेस म्हणून आत.

बरेच जण तिसरं पर्व कंटाळवाणं म्हणून सोडतात. सोडू नये. युद्ध संपलं आहे, बायका सिंगापूरला रॅफल्स हॉटेलात आल्या आहेत, गादीवर झोप येत नाही, ताटातला पाव लपवून ठेवायची सवय जात नाही. मॅरियनचा कर्नल नवरा परत मिळतो, पण ज्या बाईने शेकडो जणींचा कारभार हाकला तिला आता पाहुण्यांना चहा द्यायला बसवायचं असतं. ते लग्न टिकत नाही. डॉक्टर मेसनची नजर अधू झालेली. बाहेरचे लोक विचारतात, फार हाल झाले का? आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. ‘वायनर ब्रूक’वरच्या खऱ्या नर्सनाही सरकारकडून सांगण्यात आलं होतं की जास्त बोलू नका, मृतांच्या घरच्यांना त्रास होईल. सुमात्रातल्या बेलालाऊच्या मळ्यातल्या छावणीत युद्ध संपल्याची बातमी 24 ऑगस्ट 1945 रोजी सांगण्यात आली, शरणागतीनंतर नऊ दिवसांनी. 16 सप्टेंबरला नर्स विमानाने निघाल्या. या दिवसासाठी जपून ठेवलेले विरलेले गणवेश त्यांनी अंगावर चढवले होते. बोटीत चढताना 65 होत्या, आता 24.

मग पैशाचा प्रश्न. जपानशी झालेल्या 1951 च्या शांतता करारानंतर ब्रिटिश युद्धकैद्याला सुमारे 76 पौंड मिळाले, स्थानबद्ध नागरिकाला सुमारे 48. साडेतीन वर्षांचे. म्हणजे तो कायद्यातला फरक इथेही आडवा आला. अखेर नोव्हेंबर 2000 मध्ये ब्रिटनने हयात असलेल्यांना प्रत्येकी 10,000 पौंड द्यायचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी अट घातली: तुम्ही, तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कुणीतरी ब्रिटनमध्ये जन्मलेलं असावं. इराकी मुळाच्या ज्यू घरातली, हाँगकाँगमध्ये जन्मलेली एक वृद्ध बाई त्यात बसेना. जपान्यांनी तिला कोंडलं होतं ते ब्रिटिश प्रजा म्हणून. आता ब्रिटन म्हणत होतं की तू पुरेशी ब्रिटिश नाहीस. ती न्यायालयात गेली, आणि 2006 मध्ये अपिलातही निकाल तिच्याच बाजूने लागला. तेव्हा तिचं वय ऐंशीच्या पुढे होतं.